मांजर मुलावर झडप घालतं तेव्हा

दिवसभर सोफ्यावर लोळलेलं आठ-नऊ महिन्यांचं मांजर संध्याकाळी अचानक पाच वर्षांच्या पोराच्या पोटरीला लटकतं. पोरगं किंचाळतं, आई धावते, मांजर कपाटाखाली पसार. दोन-तीनदा असं झालं की घरात निकाल लागतो. आजी म्हणते, यानं पोरावर डूख धरलाय. बाबा म्हणतात, लाडावून ठेवलंय, दोन फटके द्या. शेजारचे काका सुचवतात, पोत्यात घाला आणि मासळी बाजारात सोडून या. तिन्ही सल्ले बिनकामाचे आहेत, त्यातला तिसरा तर बेकायदाही आहे. सूड उगवायचा बेत मांजराच्या डोक्यात शिजत नाही. फटक्यांनी ते सुधारत नाही, उलट जास्त चावरं होतं. पोरावरची झडप थांबवायची तर बदल करावा लागतो तो घरातल्या मोठ्यांच्या दिनक्रमात. मांजर आणि मूल दोघंही आपापल्या वयाप्रमाणे वागत असतात.

पण त्याआधी जखमेचं बोलू, कारण तिथे हयगय चालत नाही.

मांजर चावलं किंवा नख लागलं की मुलाला थेट नळाखाली न्या. वाहतं पाणी आणि अंगाचा साधा साबण, पूर्ण पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. रडणाऱ्या मुलाला बेसिनपाशी पंधरा मिनिटं धरून ठेवणं सोपं नाही. मग बाथरूममध्ये पाटावर बसवा, नळ सोडा, गोष्ट सांगा, पण वेळ कापू नका. रेबीजचा विषाणू साबणाने निकामी होतो, म्हणून हा आग्रह. मग पोविडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट, चहापूड, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका आणि जखम घट्ट बांधूनही टाकू नका.

त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. कुत्रा चावला की आपल्याकडे धावपळ होते, मांजर चावलं की मलम लावून मूल शाळेत जातं. रेबीज मांजरालाही होतो आणि मांजराकडून माणसाला होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत रक्त न आलेला ओरखडासुद्धा दुसऱ्या श्रेणीत येतो आणि त्याला लस लागते. दात रुतले किंवा ओरखड्यातून रक्त आलं तर ती तिसरी श्रेणी. तेव्हा लशीच्या जोडीला जखमेत इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं. लस दंडात, लहान मुलांना मांडीत देतात. पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ अशा दिवशी. सरकारी रुग्णालयात त्वचेत दिली जाते, तेव्हा ०, ३, ७ आणि २८. पोटात चौदा इंजेक्शनं ही आठवण आजी-आजोबांच्या पिढीची आहे, तो प्रकार केव्हाच बंद झाला.

घरच्या मांजराला रेबीजची लस दिलेली असेल तर त्याचं कार्ड बरोबर न्या आणि निर्णय डॉक्टरांवर सोडा. मांजर मात्र दहा दिवस नजरेसमोर हवं. दहा दिवसांनीही ते धडधाकट असेल तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात, आणि उरलेल्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतात. याचा अर्थ दहा दिवस वाट बघून मग लस सुरू करायची, असा अजिबात नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर तेही त्याच वेळी विचारून घ्या.

मांजराचे दात सुईसारखे बारीक असतात. बाहेरून दोन टिंबं दिसतात, जंतू मात्र खोल गेलेले असतात. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू सर्रास आढळतात, त्यांचा संसर्ग झाला तर बारा ते चोवीस तासांतच चावलेला भाग लाल होतो, सुजतो, ठणकतो. चावा बोटाच्या सांध्यावर किंवा मनगटावर असेल तर ‘उद्या बघू’ नको. आणखी एक दुखणं उशिरा येतं. पिसवांमुळे मांजरांत पसरणाऱ्या बार्टोनेला जंतूंमुळे ओरखड्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी मुलाच्या काखेत किंवा मानेला गाठ येते, बारीक ताप राहतो. तोवर ओरखडा सगळे विसरलेले असतात. गाठ दाखवायला गेलात तर घरात मांजर आहे हे आपणहून सांगा. पिसवांचं औषध वेळच्या वेळी मांजराला लावणं हा यावरचा सोपा बंदोबस्त.

आता मांजराकडे वळू.

मांजराचं पिल्लू दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जगाची ओळख करून घेतं. माणूस, मूल, आवाज, हाताळणं यांची सवय तेव्हा लागते. किती जोरात चावायचं हेही ते भावंडांशी दंगा करतानाच शिकतं. जास्त चावलं की भावंड ओरडतं, खेळ मोडतं, आई पंजा मारते. महिनाभराचं पिल्लू आईपासून तोडून आणलं की ही शाळाच बुडते. त्यातून आपण बोटं नाचवून त्याला खेळवतो. दीड महिन्याच्या पिल्लाचे दात गुदगुल्या करतात, आठ महिन्यांच्या बोक्याचे रक्त काढतात. बोक्याच्या लेखी खेळ तोच असतो.

आणि घड्याळ बघा. पहाट आणि तिन्हीसांजा या मांजराच्या शिकारीच्या वेळा. दिवसा सगळे बाहेर, मांजर झोपलेलं. संध्याकाळी ते ताजंतवानं होऊन उठतं, नेमकं तेव्हाच मूल शाळा-पाळणाघरातून येऊन पॅसेजमधून धावत सुटतं. धावणारे, अनवाणी, छोटे पाय, वर किंचाळ्या. मांजराच्या डोळ्यांना याहून चांगली शिकार फ्लॅटमध्ये मिळायची नाही. मूल घाबरून पळालं की शिकार आणखी पक्की होते. बाबा मागे येतो तेव्हा मांजर हलतही नाही, यात आदर वगैरे काही नसतो. बाबा धावत नाही, एवढंच.

हा खेळातला हल्ला ओळखायला सोपा आहे. मांजर सोफ्याआड दबा धरून बसतं, कान पुढे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, मागचा भाग डावीकडे-उजवीकडे हलतो आणि एक अक्षर न काढता झेप. पुढच्या पंजांनी पोटरी धरायची, दात लावायचे, मागच्या पायांनी लाथा झाडायच्या आणि पळून जायचं. फिस्कारणं नाही, गुरगुरणं नाही. तरण्या मांजरांत सर्वांत जास्त दिसतो तो हाच प्रकार, आणि सुधारायला सोपाही हाच.

भीतीपोटी केलेला हल्ला वेगळा दिसतो. कान मागे चपटे, अंग आक्रसलेलं, शेपूट फुललेलं, फिस्कारणं. मांजर कोपऱ्यात किंवा पलंगाखाली असतं आणि मूलच त्याच्याकडे गेलेलं असतं. इथे मांजर हल्ला करत नसतं, वाट मागत असतं. तिसरा प्रकार मांडीवरचा. घुरघुरत पडलेलं मांजर कुरवाळता कुरवाळता एकदम हात धरतं. ‘काही कारण नसताना चावलं’ असं घरचे सांगतात, पण कारण अर्धा मिनिट आधीपासून दिसत असतं. घुरघुर थांबलेली असते, शेपटीचं टोक आपटायला लागलेलं असतं, पाठीवरची कातडी थरथरलेली असते, मान हाताकडे वळलेली असते. मोठी माणसं हे वाचायला शिकू शकतात. चार वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा ठेवू नका.

चौथा प्रकार घरच्यांना सर्वांत गोंधळात टाकतो. मांजर खिडकीच्या ग्रीलमध्ये बसलेलं असतं, खाली कंपाउंडच्या भिंतीवर परका बोका येतो. आतलं मांजर पेटून उठतं, पण ग्रीलपलीकडे जाता येत नाही. तेवढ्यात मूल बाजूने जातं आणि सगळा राग त्याच्यावर निघतो. परका बोका कुणीच पाहिलेला नसतो, त्यामुळे घरचं मांजर वेडं झालं असं वाटतं. अशा वेळी त्याला जवळ घेऊन शांत करायला जाऊ नका, तुम्हालाही चावेल. मुलाला बाजूला करा, मांजर ज्या खोलीत आहे तिचं दार लोटा, दिवा मालवा, पाणी आणि मातीचा ट्रे आत सरकवा आणि सोडून द्या. राग उतरायला काही तास लागतात, कधी दिवस. नंतर त्या खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला कागद चिकटवून टाका.

खेळातल्या हल्ल्याचा इलाज मात्र रोज करायचा आहे, आणि तो मोठ्या माणसाने करायचा आहे. मूल घरी यायच्या आधी पंधरा मिनिटं मांजराला दमवा. हातभर लांब काठी, तिला सुतळी, सुतळीच्या टोकाला चिंधी किंवा पीस. महागडं खेळणं लागत नाही. चिंधी मांजराच्या तोंडापुढे नाचवू नका, उंदीर कधी मांजराच्या तोंडापुढे येऊन नाचत नाही. ती जमिनीवरून, मांजरापासून दूर पळवा, खुर्चीच्या पायामागे लपवा, थांबवा, परत हळूच सरकवा. दबा धरायला वेळ द्या. अधूनमधून पकडू द्या, चावू द्या, लाथा झाडू द्या. शेवटी वेग कमी करत शिकार ‘मरू’ द्या आणि लगेच वाटीत खाणं ठेवा. दबा, पाठलाग, झडप, खाणं हा क्रम पुरा झाला की मांजर अंग चाटतं आणि झोपतं. लेझरचा लाल ठिपका मात्र मी सुचवणार नाही. त्यात पकडायला काहीच हाती येत नाही, मांजर चिडचिडं होतं, आणि ठिपका मुलाच्या डोळ्यात जायची भीती वेगळी.

सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, जमलं तर रात्री झोपायच्या आधी एकदा. महिना-दीड महिना हे चुकू नये. दोन दिवस करून ‘काही फरक नाही’ म्हणणारे बरेच असतात. खेळ संपला की काठी कपाटात टाका. सुतळी, गजऱ्याचा दोरा, राखी, पतंगाचा मांजा, लोकर यांतलं काहीही मांजर गिळतं आणि आतडं त्यावर गोळा होऊन शस्त्रक्रियेची वेळ येते.

एकट्या मांजराला दिवसभर उद्योगही हवा. दोन वेळा ताटली भरून ठेवण्यापेक्षा तेवढंच खाणं चार-पाच वेळा विभागून द्या. कोरडं खाणं पुठ्ठ्याच्या खोक्यात, कागदाच्या बोळ्यांत लपवून ठेवा, शोधू दे. दूध-पोळीवर तरणं मांजर भागत नाही, त्याला मांस-मासळी किंवा तयार कॅटफूड लागतं. त्याच वयाचं दुसरं मांजर आणलं तर दंगा आपसांत होतो हे खरं, पण घरात आधीच मुलाला ओरखडे येत असताना मी तो सल्ला पहिल्या महिन्यात देणार नाही.

मांजराला उंच जागा द्या. कपाटाचा माथा, माळा, भिंतीतली फळी, जिथे मुलाचा हात पोचत नाही आणि चढायला मधे एक पायरी आहे. पळायला जागा असलेलं मांजर कमी चावतं. मातीचा ट्रे आणि खाण्याची जागा मुलाच्या खेळण्याच्या वाटेत नको. पॅसेजमध्ये रोज ज्या खुर्चीमागून झडप होते ती खुर्ची हलवा. इतक्या साध्या गोष्टीनेही फरक पडतो. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न उंदरांपुरता खरा होता. आपण ती खुशाल बांधावी. झडपेआधी वाजली की मूल सावध होतं. पट्टा मात्र अडकला की आपोआप सुटणारा घ्या, नाहीतर ग्रीलमध्ये फास बसायचा.

नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापा. पंजा हलकेच दाबला की नख बाहेर येतं, आतला गुलाबी भाग सोडून फक्त टोक कापायचं. एका बैठकीत दोनच नखं झाली तरी चालेल. नखं मुळापासून काढण्याची शस्त्रक्रिया कुणी सुचवली तर ऐकू नका, त्यात बोटाचं शेवटचं हाड तोडतात. नखं गेलेल्या मांजराकडे मग दातच उरतात. नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या सुमाराला करून घ्या. बोक्याची भटकंती, मुताचे फवारे आणि मारामाऱ्या त्याने कमी होतात. खेळातल्या झडपा फक्त नसबंदीने थांबतील अशी आशा मात्र धरू नका.

ओरडणं, वर्तमानपत्राची गुंडाळी, तोंडावर पाणी, मानगूट धरून हलवणं, हे सगळं बंद. मांजराला त्यातून एवढंच कळतं की मूल जवळ आलं की मार बसतो. मग खेळकर झडप भीतीच्या चाव्यात बदलते आणि तो चावा खोल असतो. दात लागले की खेळ संपला, एवढी एकच शिक्षा त्याला समजते. उठा, पाठ फिरवा, दुसऱ्या खोलीत जा. आणि हा नियम घरात सगळ्यांना लागू. संध्याकाळी मुलाची आई शिस्त लावते आणि रात्री मामा सोफ्यावर बसून पंजाशी कुस्ती खेळतो, तर सगळं पाण्यात.

मुलाला काय शिकवायचं? थोडंच. आपल्या मुलांना ‘स्टॅच्यू’चा खेळ ठाऊक असतोच. मांजर अंगावर आलं की स्टॅच्यू व्हायचं. पळायचं नाही, किंचाळायचं नाही, पाय झटकायचा नाही. हलणं थांबलं की शिकारीतला रस जातो. पकडलेला हात खेचला तर नखं आणखी रुततात, म्हणून खेचायचा नाही, ढिला सोडायचा आणि हाक मारायची. हे मांजर शांत झोपलेलं असताना चार-पाच वेळा खेळून घ्या. प्रसंग आल्यावर सांगून उपयोग नसतो. सुरुवातीचे काही आठवडे घरात लांब पायजमा आणि मोजे घालू द्या, पोटऱ्या वाचतात.

कुरवाळायचे नियमही छोटे ठेवा. मांजराने जवळ यायचं, आपण त्याच्याकडे जायचं नाही. हनुवटी आणि गालावर हात फिरवायचा. पोट, शेपूट, पंजे आपले नाहीत. पाचदा हात फिरवला की थांबायचं. मांजराने डोकं घासलं तर आणखी पाचदा, नाहीतर खेळ खलास. झोपलेल्या, खाणाऱ्या, ट्रेमध्ये बसलेल्या मांजराला हात नाही. पलंगाखालून ओढून काढायचं नाही. काखेत धरून लोंबकळत फिरवायचं तर मुळीच नाही. अनेक ‘चिडक्या’ मांजरांची अर्धी कहाणी इथेच असते. टक लावून बघणं मांजराला धमकी वाटते. त्याच्याकडे बघत डोळे सावकाश मिटायचे, उघडायचे. मुलांना हे फार आवडतं आणि मांजरही कधीकधी तसंच उत्तर देतं.

पहिला आठवडा मुलाने नुसतं लांबून खाणं टाकायचं. सोफ्यावर बसून मांजराचं नाव घ्यायचं आणि एक तुकडा जमिनीवर फेकायचा. मग वाटीत खाणं घालणं मुलाकडे द्या, शेवटी मोठ्यांच्या देखरेखीत लांब काठीचा खेळ. मूल आलं की काहीतरी चांगलं होतं, ही गाठ मांजराच्या डोक्यात पक्की बसायला हवी. मात्र पाच वर्षांखालचं मूल आणि तरणं मांजर एका खोलीत एकटं ठेवू नका, कितीही सुधारलं तरी. पाळण्यातलं बाळ असेल तर त्या खोलीचं दार बंदच हवं, कारण झोळीसारखी उबदार, हलणारी जागा मांजर सोडत नाही.

शांत मांजर एकाएकी चावायला लागलं तर शिस्तीचं पुराण बाजूला ठेवा आणि पशुवैद्य गाठा. बोक्यांच्या मारामारीत दात लागून कातडीखाली पू धरतो, कानात खाज असते, हिरडी सुजलेली असते, गच्चीवरून पडून मुका मार लागलेला असतो. दुखऱ्या जागी मुलाचा हात पडला की चावा ठरलेला. उडी मारणं कमी झालंय का, खाणं सुटलंय का, एकच जागा सारखी चाटतंय का, ट्रेबाहेर घाण करतंय का, हे पाहून ठेवा आणि सांगा. मुलासाठी घरात असलेली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका, एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, मुंबईत परळला जनावरांचं रुग्णालय आहे. तिथे फक्त गाई-म्हशी आणि कुत्रेच नेतात असं समजू नका.

दोन वर्षांच्या आसपास बहुतेक मांजरांचा हा दंगा आपोआप ओसरतो. तोवर रोजचा खेळ आणि वरचे नियम पाळले तर ओरखडे काही आठवड्यांत कमी व्हायला लागतात. पण सगळं करूनही चावे खोल होत असतील, इशारा न देता होत असतील, किंवा मूल स्वतःच्या घरात भिंतीला चिकटून चालत असेल, तर मांजराला दुसरं घर शोधा. त्यात कमीपणा काही नाही. लहान मुलं नसलेलं घर बघा आणि चावण्याची सवय लपवू नका, नाहीतर ते मांजर महिन्याभरात रस्त्यावर येईल. पोत्यात घालून दूर सोडून येणं मात्र नाही. घरात वाढलेल्या मांजराला बाहेर शिकार जमत नाही, आणि भुकेतहानेने तडफडेल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.